पोकलेन दुपारीच का अडत होते

ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझे एकुलते एक पोकलेन (खोदाईचे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भिलवडी भागात ते पोकलेनच) दोन दिवस पाण्यात उभे होते आणि पाणी इंजिनाखालच्या पत्र्यापर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर तेल आणि फिल्टर बदलून ते कामाला लावले, आणि पुढचे चार महिने नदीकाठच्या शेतांतील गाळ उपसताना त्याने काहीही त्रास दिला नाही.

जानेवारीत मात्र एक विचित्र खोड सुरू झाली. सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारे इंजिन जेवणाच्या सुट्टीनंतर नुसते ‘टक्’ करून गप्प बसे, आणि तास-दीड तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होई. शेवटी ऑपरेटर दुपारी इंजिन बंद करीनासा झाला.

माझी पहिली चूक म्हणजे मी मोजण्याआधी खर्च केला. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून चोवीस व्होल्ट मिळतात. त्या दोन्ही बदलल्या. मग सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, उतरवून सांगलीला नेला, कार्बन ब्रश आणि बुश नवे घातले. टेबलावर तो उत्तम फिरला. यंत्रावर चढवल्यानंतर तिसऱ्याच दुपारी पुन्हा तोच ‘टक्’.

त्यानंतर मिरजेचे एक जाणते ऑटो इलेक्ट्रिशियन आले. केबिनमधील सेफ्टी लिव्हर खाली असेल तर सेल्फला हुकूमच जात नाही, म्हणून त्यांनी आधी तो पाहिला आणि मग डोळे मिटून आवाज ऐकला. बॅटरी उतरली असेल तर बहुधा सलग टक्-टक्-टक् येते. एकच जाड टक् आला, म्हणजे रिलेकडून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला जाड करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत) हुकूम पोहोचतो आहे, असे ते म्हणाले.

“अर्थिंग मी मीटरवर तपासले आहे, अडथळा शून्य दाखवते,” असे मी सांगितले. (अर्थिंग म्हणजे सेल्फमधून बॅटरीकडे करंट परतण्याची वाट.) त्यावर ते हसले. “मालक, मीटर तारेतून किती करंट सोडतो आणि सेल्फ किती ओढतो?” मुद्दा माझ्या ध्यानात आला. केबलमधील चार तारा शाबूत असल्या तरी मीटर समाधानी असतो, पण सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. जोडणीत 0.04 ओहमचा अडथळा असेल तर साधा मीटर तो नीट दाखवूही शकत नाही. 300 अँपिअरला मात्र तिथेच 12 व्होल्ट खर्ची पडतात.

म्हणून त्यांनी व्होल्टेज मोजले, आणि तेही ऑपरेटरने चावी धरून ठेवलेली असताना, दोन-तीन सेकंदांपुरतेच. बॅटऱ्यांवर 23.8 व्होल्ट होते. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत 0.5 व्होल्टची घट होती, ती चालण्यासारखी. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे सेल्फच्या बॉडीवर टेकवले, तर 13.1! उरलेल्या दहा व्होल्टवर सेल्फ फिरणार कसा? टोके एकेक जोडणी पुढे सरकवत गेल्यावर इंजिन आणि चासीमधील अर्थिंगची केबल सापडली. तिचा लग, म्हणजे टोकाची बोल्टात बसणारी धातूची कडी, हाताला भट्टीसारखा लागत होता. वरचे रबर चिरले, तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी होती. पुराचे पाणी लगच्या तोंडातून आत शिरून तिथेच मुरले होते. दिवसभराच्या उष्णतेने ही जोडणी ढिली पडत असावी, आणि थंड झाल्यावर पुन्हा जेमतेम टेकत असावी, असे त्यांचे मत पडले. दुपारचे कोडे त्यामुळे मला तरी सुटल्यासारखे वाटले.

नवी केबल दाबून बसवलेल्या लगसह तयार करून घेतली, चासीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा केला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले. त्याच जागी घट 0.2 व्होल्टवर आली. खर्च आधीच्या दुरुस्तीच्या मानाने किरकोळ होता. जुन्या बॅटऱ्या मात्र मी नव्यांच्या बदल्यात देऊन बसलो होतो, आणि त्या चांगल्या होत्या हे आता दुकानदारालाही कळले आहे.