कणकुंबी: मलप्रभेच्या उगमाला जायचं असेल तर

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या कणकुंबीत थांबत नाहीत. घाट उतरायची घाई असते आणि गाव येतं ते घाट सुरू होण्याआधी, माथ्यावर. म्हणून आधीच सांगतो: मलप्रभा नदीच्या उगमाला जायचं तर फक्त उगमासाठी जा. गोव्याच्या सहलीत अर्ध्या तासाचा थांबा म्हणून हे ठिकाण कळत नाही. सकाळी निघून, वाटेत नदी बघत वर जायचं आणि परतताना दिवस मावळायच्या आत वाटेतली जांबोटी गाठायची, असा बेत धरा.

अंतर बेळगावहून साधारण ५० किलोमीटर. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी आणि मग कणकुंबी, असा रस्ता. जांबोटीपर्यंत शेत आणि झाडी आलटून पालटून, पुढे सलग जंगल. रस्ता बरा असेल तर सव्वा ते दीड तास पुरतो, पण पावसाळ्यानंतर पहिले काही आठवडे खड्ड्यांमुळे दोन तास धरलेले बरे. या रस्त्यावर अडतं ते कुसमळीला. तिथे रस्ता मलप्रभा ओलांडतो, आणि पुलाचं काम किंवा नदीचं पाणी यामुळे वाहतूक बंद झाली की सगळं खानापूरकडून वळतं. बेळगाव ते खानापूर २६ किलोमीटर, तिथून जांबोटीला आणखी वीसेक. म्हणजे वळसा पडतो खरा, पण हा रस्ता खात्रीचा. पावसाळ्यात निघण्याआधी जांबोटीच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला किंवा बेळगावच्या बसस्थानकावर विचारून घ्या. फोनवरचा नकाशा बंद पूलही चालू दाखवतो.

पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात भरून घ्यायचं. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. जांबोटी सोडली की मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी परतीची वेळ सांगून निघा. रोख पैसे, थोडे सुट्टे, जवळ असू द्या. चहा-नाश्ता जांबोटीतच उरकावा.

बसने जायचं तर बेळगावहून वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्या आहेत, आणि चोर्लामार्गे गोव्याला जाणाऱ्या गाड्याही याच रस्त्याने जातात. मात्र गोव्याची गाडी कणकुंबीला थांबेल का, हे चढतानाच कंडक्टरला विचारा. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ गावात पक्की करणं. फलकावरच्या वेळेपेक्षा बसथांब्याजवळचा दुकानदार जास्त बरोबर सांगतो. गाव मराठी बोलणारं, तेव्हा विचारपूस करायला अडचण नाही.

गोव्याकडून येणाऱ्यांनी साखळी, केरी आणि मग घाट चढून वर यायचं. वळणं अरुंद, आणि पावसात धुकं इतकं उतरतं की समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ आल्यावरच दिसतात. अशा वेळी वरचा दिवा (हाय बीम) लावला तर धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो. खालचा दिवा (लो बीम) लावा, वळणावर हॉर्न द्या, आणि पुढे जायची घाई अजिबात नको.

आता हंगाम. बहुतेक लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, धबधब्यांच्या ओढीने, आणि उगमासाठी तोच काळ सगळ्यात वाईट. या पट्ट्यात पाऊस कसा पडतो ते आकड्यावरून कळावं: खानापूर तालुक्यातल्याच आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. अशा पावसात सगळीकडूनच पाणी वाहत असतं. झरा कुठला आणि ओहोळ कुठला हे ओळखताच येत नाही, उगमाच्या कुंडात लाल माती उतरते, पायऱ्यांवर शेवाळ साचतं. एप्रिल-मेमध्ये उलट, पाणी अगदी बारीक होतं आणि लांबून आलेला माणूस ‘एवढंच?’ म्हणून परत फिरतो. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस खरे. पाऊस थांबलेला असतो, आभाळ निवळलेलं असतं, तरी डोंगराच्या पोटातलं पाणी अजून वाहत असतं.

हे पाणी राहतं कुठे? घाटमाथ्याच्या या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभा दगड आहे. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी तो पिऊन घेतो. खाली घट्ट, चिकणमातीचा थर लागला की पाणी आणखी उतरू शकत नाही, आडवं सरकतं, आणि जिथे उताराने तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. म्हणून अशा झऱ्याचं आयुष्य त्याच्या वरच्या सड्यावर आणि झाडीवर ठरतं. वरचं जंगल तुटलं किंवा सडा खणला गेला, तर खाली कुंड कितीही सुंदर बांधून काढा, पाणी लवकर आटणारच. देवराईला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा जुना नेम पाण्याच्या हिशोबानेही पक्का आहे.

कणकुंबीत माउली आणि रामेश्वर अशी दोन्ही देवस्थानं आहेत, आणि मलप्रभेचं उगमस्थान म्हणून इथल्या तीर्थाला मान. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७९२ मीटर. माउलीची ओटी भरायची तर खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घरूनच घेऊन या. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीपुढे मागणं मांडायचं असेल तर पुजाऱ्यांना आधी सांगावं, म्हणजे ते सवडीने, नीट होतं. दुपारी गाभारा बंद असण्याची शक्यता धरून अकराच्या आत पोहोचलेलं चांगलं.

तीर्थाशी वागायचे नियम साधे आहेत, आणि तेच जास्त मोडले जातात. चपला लांब काढा. आधी बाहेर पाय धुवा, मगच पाण्याजवळ जा. साबण, शाम्पू, तेल काहीही पाण्यात नको. निर्माल्य, उदबत्तीची पाकिटं, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकमधली फुलं कुंडात सोडू नका. साचलेल्या पाण्यात फुलं-पानं दोन-तीन दिवसांत कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि वास सुटतो. तीर्थ घरी न्यायचं तर स्वच्छ तांब्या किंवा स्टीलची बाटली आणा आणि जिथून पाणी येतं त्या तोंडाशी भरा, साचलेल्या भागातून नको. पिण्यासाठी मात्र ते उकळूनच वापरा, विशेषतः पावसाळ्यात.

कणकुंबीचं वेगळेपण तिथल्या पाणलोटात आहे. इथून पूर्वेकडे निघालेलं पाणी मलप्रभेतून खानापूर, पुढे सौंदत्तीजवळचं नविलतीर्थ धरण, मग पट्टदकल, ऐहोळे करत सुमारे ३०० किलोमीटरनंतर कूडलसंगमला कृष्णेत मिळतं, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. थोडं पलीकडे पडलेला थेंब कळसा नाल्यातून म्हादई नदीत, गोव्यात, अरबी समुद्राला. हे पलीकडचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प म्हणजेच कर्नाटक आणि गोव्यातला जुना वाद. म्हादई पाणीतंट्याच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला मान्यता दिली. कणकुंबीच्या परिसरात या कामाचे खोदलेले कालवे दिसतात. ते बघितल्याशिवाय परत येऊ नका, कारण धारवाड-गदगकडच्या शेतकऱ्याची तहान आणि गोव्याची भीती ही दोन्ही तिथे उभं राहिल्यावरच नीट समजतात.

सौंदत्तीच्या डोंगराला जाणाऱ्यांना ही नदी रेणुकेची, म्हणजे यल्लम्माची म्हणून ठाऊक असते: वाळूचा घडा करून रेणुका जिथून रोज पाणी नेत असे, ती हीच मलप्रभा. यल्लम्माला जाऊन आलेल्या घरांनी एकदा तरी उगमाला यावं असं मला मनापासून वाटतं.

वाटेवर जांबोटीच्या पुढे हब्बनहट्टीला नदीपात्रातच स्वयंभू मारुती आहे. जोराचा पाऊस झाला की देऊळ पाण्याखाली जातं, म्हणून पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही. दिवाळीनंतर मात्र खडकांमधून वाहणारी नदी बघायला ही जागा फार चांगली. परतताना खानापूरमार्गे आलात तर असोग्याचा रामलिंग हाही याच नदीकाठी आहे.

कणकुंबीच्या आसपासचे पारवाड, चिखले, चिगुळे इथले धबधबे मोहात पाडतात. पावसाळ्यात वनखातं तिथे बंदी घालतं, आणि ती पाळायला हवी. निसरडा कातळ आणि वरच्या पावसाने अचानक वाढणारं पाणी, या दोन्हींचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. हा सगळा भाग भीमगड अभयारण्याच्या शेजारचा. गवे रस्त्यावर येतात, अस्वलंही आहेत. झाडीतल्या पाऊलवाटेने एकट्याने जाऊ नये. संध्याकाळी पाचच्या सुमारास कणकुंबी सोडली तर जांबोटीपर्यंतचं जंगल उजेडात पार होतं. अंधारात निघावंच लागलं तर वेग ताशी चाळीसच्या आत ठेवा, आणि एक गवा रस्ता ओलांडून गेला तरी लगेच गाडी काढू नका. मागे कळप असतो.