पाकिटावरचे ‘गोवा’ सिद्ध करताना

सत्तरी तालुक्यात आमचा काजूगराचा लहानसा कारखाना आहे. २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन (त्या प्रदेशाच्याच मालाला त्याचे नाव लावता यावे म्हणून होणारी सरकारी नोंद) मिळाले, तेव्हा पाकिटावर ते चिन्ह छापले की झाले, असे मला वाटले होते. (त्याच झाडाच्या बोंडूची, म्हणजे काजूफळाची, फेणी हा मान २००९ मध्येच मिळवून बसली होती, बी मात्र चौदा वर्षे मागे राहिली.) मानांकन काजू कारखानदारांच्या संघटनेच्या नावे असते आणि प्रत्येक कारखानदाराला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव वेगळे लावून घ्यावे लागते, हे मला संघटनेच्या बैठकीत कळले.

शुल्क अवघे दहा रुपये. उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना, पंचायतीचा परवाना हे सारे हाताशी होतेच. अडले ते एका साध्या प्रश्नाशी: तुम्ही फोडता ती बी गोव्याचीच, हे कशावरून?

गोव्याचे पीक इथल्या कारखान्यांना पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतून बी येते, आणि पणजी-म्हापशाच्या दुकानांत पर्यटकाला दोन्ही गर ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकले जातात. मीही पावसाळ्यात बाहेरची बी घेतलेली आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. बागायतदारांकडून घेतलेल्या मालाची मात्र माझ्याकडे एकही पावती नव्हती. पावती करू म्हटले तर ते कचरत, कारण सत्तरीत पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या मोकासो आणि आल्वारा या जमीनधारणांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत असल्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर असेलच असे नाही, आणि सही केली तर उद्या कोणी जाब विचारील, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती.

वाट पंचायतीने काढली. सरपंचांनी देवळाच्या मंडपात बैठक बोलावली आणि हे कुटुंब या वाड्यावर काजूचे उत्पन्न घेते, एवढेच सांगणारा, जमिनीच्या हक्काविषयी अवाक्षर नसलेला दाखला देण्याचे ठरले. खरेदीवहीचा नमुना मला दिला तो माझ्याच एका प्रतिस्पर्धी कारखानदाराने. बाजारात भेसळ होते तेव्हा नाव दोघांचेही जाते, हे त्याला माझ्याआधी उमगले होते. बागायतदारांनी बदल्यात दोन गोष्टी मागितल्या: वजन त्यांच्या अंगणात व्हावे आणि पैसे त्याच दिवशी मिळावेत. दुसरी अट पुरी करण्याइतकी रोकड माझ्याजवळ नव्हती. गावच्या पतसंस्थेने हंगामापुरते कर्ज दिले, तेही पंचायतीचे दाखले पाहिल्यावर.

प्रमाणपत्र यायला काही महिने गेले. एकदा अर्ज एका सहीसाठी परत आला, एवढेच. एकतीसपैकी तेवीस बागायतदार आता वहीत आहेत. उरलेले आठजण अजून दारावर येणाऱ्या व्यापाऱ्यालाच बी घालतात. चिन्हामुळे दर आपोआप वाढला नाही, पण म्हापशाच्या एका दुकानदाराने आमचा माल वेगळ्या फळीवर मांडला आहे. बाहेरच्या बीची पोती आता वेगळ्या खोलीत असतात आणि तिची किल्ली मी सोलणीवरच्या थोरल्या मावशींकडे ठेवायला दिली आहे, घाईच्या दिवसांत माझाच हात तिकडे वळू नये म्हणून.