टाकी अजून किती वर्षं चालेल?

कुरकुंभ असो की रांजणगाव, कारखान्यात सेन्सर चिकटवून लॅपटॉप उघडला की थोड्या वेळात मेंटेनन्सचे साहेब येऊन मागे उभे राहतात. "काय मग, अजून किती वर्षं चालेल?" आमच्या कोथरूडच्या सोसायटीतही हेच विचारतात, फक्त तिथे टाकी म्हणजे गच्चीवरची. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: वर्षं मला सांगता येत नाहीत. नुसत्या माझ्यासारख्या तपासणीवरून जो वर्षं सांगेल, त्याला काम देऊ नका.

माझं काम ॲकॉस्टिक एमिशनचं. अल्ट्रासॉनिकवाला आपला आवाज धातूत सोडतो आणि परत येईल तो मोजतो. आम्ही काहीच सोडत नाही, आतला दाब वाढवून धातूला ताण देतो आणि ऐकत बसतो. काटकी वाकवली की मोडायच्या आधीच कडकडते, तसं पोलादातही होतं. चीर कणभर पुढे सरकली की तिथे ऊर्जा सुटते आणि तिचा तरंग पत्र्यातून पसरतो. कानाला यातलं काही कळत नाही. आपलं ऐकणं २० किलोहर्ट्झला संपतं आणि प्रेशर व्हेसलसाठी, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या बंद टाकीसाठी, आमचे सेन्सर बहुतेक १५० किलोहर्ट्झच्या आसपासचे असतात. कुठल्या सेन्सरवर तरंग आधी पोचला, कुठे नंतर, त्या फरकावरून जागा निघते. पण जागाच. चीर किती खोल, ते कळत नाही. आणि न वाढणारी चीर कितीही लांब असली तरी गप्पच राहते.

खरी गोम पुढे आहे. योझेफ कायझर नावाच्या जर्मन संशोधकाने १९५० साली म्युनिकमध्ये प्रबंध लिहिला. त्याला दिसलं ते असं: धातूने एकदा सोसलेला ताण पुन्हा दिला तर तो जवळजवळ आवाजच करत नाही, आधीच्या कमाल ताणाच्या पुढे गेलात की बोलायला लागतो. म्हणून चालू व्हेसल तपासताना गेल्या वर्षभरातल्या कमाल दाबापेक्षा साधारण पाच-दहा टक्के वर जावं लागतं, अर्थात डिझाइनची आणि सेफ्टी व्हॉल्व्हची मर्यादा सांभाळून. दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं. दाब स्थिर असतानाही आवाज येतच राहिला, किंवा जुन्या कमाल दाबाच्या खालीच सुरू झाला, तर आम्ही खुर्ची पुढे ओढतो.

आता सांगा, वर्षभरातला कमाल दाब मला कोण सांगणार? लॉगबुक. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मला वही दिली, तिच्यात तिन्ही पाळ्यांना महिनोन् महिने ८.० बार. एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात. एवढा शहाणा रिॲक्टर, म्हणजे रासायनिक प्रक्रियेचा व्हेसल, मी पाहिलेला नाही. समजा मधे कधीतरी रिॲक्शन भडकून तो साडेनऊपर्यंत गेला आणि कोणी लिहिलं नाही. मग मी ८.८ पर्यंत चढवून ऐकणार, व्हेसल बराचसा गप्प राहणार आणि सगळे खूश होणार. त्या दिवशी डीसीएसमधला, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणकातला, दाबाचा ट्रेंड (आपोआप झालेली नोंद) काढून मिळेपर्यंत मी दाब चढवू दिला नाही. साहेब वैतागले. शटडाऊनचा तास कितीला पडतो ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

बाकी वेळ जातो तो गोंगाट ओळखण्यात. दाबाने व्हेसल किंचित फुगतो आणि सॅडलवर, म्हणजे खालच्या आधारावर, घासतो, तो आवाज. गळका व्हॉल्व्ह, पंप, परांचीवर काम करणारा वेल्डर. पाऊस आला तर काम बंदच, थेंबांचा मारा सेन्सरला चिरेपेक्षा मोठा वाटतो. साठवण टाकीचा तळ तपासायचा तर आतलं द्रव काही तास, कधी रात्रभर, निवांत ठेवावं लागतं, म्हणजे तळाच्या गंजाची कुजबुज ऐकू येते. वरून लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) असेल तर सेन्सरपुरत्या खिडक्या कापायच्या, ग्रीस लावून चुंबकाने सेन्सर दाबून बसवायचा.

सेन्सर नीट बसला का, ते तपासायची रीत लोकांना गंमतीची वाटते. यांत्रिक पेन्सिलीचं अर्ध्या मिलिमीटरचं टू-एच शिसं तिरकं धरून पत्र्यावर मोडायचं. कट् झालं की पडद्यावर ठरलेल्या उंचीचा ठोका उमटायला हवा. नाही उमटला तर ग्रीस पुसा आणि परत बसवा. शिशांच्या डब्या मी अप्पा बळवंत चौकातून आणतो. दुकानदाराला मी आर्किटेक्ट वाटतो, वाटू दे.

तर वर्षांऐवजी माझ्याकडून काय मिळतं? नकाशावर खुणा: या शिवणीपाशी, या नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डपाशी धातू बोलतोय. मग तिथे अल्ट्रासॉनिकवाल्याला पाठवा, तो खोली आणि लांबी मोजेल, आणि त्या आकड्यांवर हिशेब मांडून डिझाइनचा माणूस आयुष्याबद्दल बोलेल. फायदा एवढाच की अख्ख्या व्हेसलच्या वेल्डवर इंच-इंच फिरावं लागत नाही, आणि पुष्कळदा आतला माल काढून व्हेसल उघडावाही लागत नाही.

बोलवायचं असेल तर आधी वर्षाचा दाबाचा ट्रेंड पाठवा. दराचं त्यानंतर बोलू.