कथेतली जागा कोणाची?

स्थळवर्णन आले की मी पुष्कळदा ओळी गाळत पुढे जातो, कारण भिंतींचा रंग, खिडक्यांची मांडणी आणि आभाळाचा नूर यांपलीकडे त्यात काही नसते. त्या जागेत कोणी बसायचे, कोणी दारातच थांबायचे आणि कोणती खोली कोणासाठी राखून ठेवायची, हे ठरवणारे अलिखित नियम त्यात आले, तर तिथली माणसे कशाला किंमत देतात हे आपोआप कळते.

समजा, एका घरातली सर्वांत हवेशीर खोली पाहुण्यांसाठी म्हणून कायम बंद असते आणि मुलगी मात्र जिन्याखालच्या कोपऱ्यात दिवा लावून अभ्यास करते. या कुटुंबाला चारचौघांतली प्रतिष्ठा किती प्यारी आहे, हे लेखकाने वेगळे सांगायला नको. मुलगी एके दिवशी त्याच खोलीत वह्या पसरून बसली आणि ते पाहून आईने तिला न हटकता हलकेच दार लोटून घेतले, तर नियम आणि त्याला पडलेली चीर अशी दोन्ही एकाच कृतीत दिसतात.

याचा मला सर्वांत आवडणारा नमुना फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या ‘पेर गोरिओ’ (1835) या कादंबरीत आहे. पॅरिसमधल्या एका खाणावळवजा घरात गोरिओ प्रथम पहिल्या मजल्यावर वर्षाला 1200 फ्रँक देऊन राहतो. पुढे 900 फ्रँकांत दुसऱ्या मजल्यावर आणि अखेर महिना 45 फ्रँकांत तिसऱ्या मजल्यावर जातो. तो दुसऱ्या मजल्यावर जायचे म्हणतो तेव्हाच मालकीण आगाऊ पैसे मागते आणि त्याच्या नावामागची आदरार्थी उपाधी काढून टाकते. पैशावर माणूस तोलणाऱ्या समाजाचे चित्र बाल्झाकने जिन्याच्या पायऱ्यांवरच उभे केले आहे. (त्याचे सुरुवातीचे लांबलचक वर्णन कंटाळवाणे वाटते खरे, पण या मजल्यांचा हिशेब त्याशिवाय लागत नाही.)

अडचण येते ती दृष्टिकोनाची. जागेला सरावलेल्या पात्राला तिथले नेहमीचे काही जाणवत नाही, फक्त बिघडलेले जाणवते. दिवाणखाना झाडणाऱ्या बाईला झुंबराचे कोणते लोलक पुसायचे राहिले आहेत तेच आधी दिसेल; तिच्या नजरेतून लिहिताना झुंबराच्या शोभेवर परिच्छेद खर्ची घातला, तर तिथे ती उरत नाही, लेखक बोलू लागतो.