तुम्ही विचारलंत म्हणून: "अजून मालगाडीच?"

पुण्यात घोरपडीतल्या आमच्या सोसायटीचा गणपती असो की गावाकडचं लग्न, मी लोको पायलट आहे म्हटलं की लोक विचारतात, "कुठली गाडी? डेक्कन क्वीन?" मालगाडी म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग मायेनं म्हणतो, "हळूहळू मिळेल हो पॅसेंजर." गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या सासऱ्यांनीही हेच विचारलं. जेवणाच्या पंगतीत उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

पॅसेंजर मिळत होती. आमच्याकडे मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस अशा पायऱ्या असतात. दोन वर्षांपूर्वी यादीत नाव आलं, तेव्हा मी नको म्हणून लिहून दिलं. घरी ते पटवायला वेळ लागला. मालगाडीची ड्युटी कधी लागेल याचा नेम नसतो. रात्री दोनला कॉल येतो, डबा भरून निघायचं, आणि पुढे एखाद्या स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकलं की सगळ्या एक्स्प्रेस निघून जाईपर्यंत बसून राहायचं. मुलीचं गॅदरिंग लागोपाठ दोन वर्षं हुकलं. त्याचं मला वाईट वाटतं, आजही.

तरी मी मालगाडीवर राहिलो, त्याचं कारण त्या गाडीच्या वजनात आहे.

उघड्या वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा, भरलेला रेक (जोडलेली अख्खी गाडी) घ्या. ५८ वाघिणी, एकेक ८० टनांच्या आसपास. साडेचार हजार टनांच्या वर वजन आणि साधारण ६५० मीटर लांबी. एवढी गाडी वेगात असताना ब्रेक मारला तर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेते. म्हणजे जे समोर दिसतंय त्यावर गाडी चालवून भागत नाही. पुढच्या वळणापलीकडे चढ आहे की उतार, कॉशन, म्हणजे वेग कमी ठेवायची जागा, कुठे आहे, पूल कुठे आहे, हे आधी डोक्यात असावं लागतं. म्हणून नव्या सेक्शनवर एकटं सोडण्याआधी आम्हाला रस्ता शिकायला पाठवतात. पुणे-मिरज मार्गावरचा शिंदवण्याचा घाट, आदर्कीचा चढ मी आज अंधारातही सांगू शकतो. चाकांचा आवाज बदलतो, इंजिनाचा सूर बदलतो, बसल्या जागी कमरेला कळतं.

ब्रेकचं तर निराळंच शास्त्र आहे. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाबाची हवा भरली की ब्रेक सुटतात आणि हवा काढली की लागतात. नव्या मुलांना हे उलटं वाटतं. पण त्यामुळेच गाडी मधूनच तुटली तर पाइप सुटतो, हवा जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. मी हँडल सरकवून अर्धा किलो दाब उतरवला की तो निरोप डब्याडब्यातून मागे जातो, शेवटपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. सोडताना त्याहून जास्त वेळ. प्रत्येक वाघिणीखाली हवेची टाकी असते, ती पुन्हा भरावी लागते. टाक्या भरायच्या आत परत ब्रेक लावला तर तो कमी धरतो, आणि उतारावर असं दोन-तीनदा केलं तर शेवटी हातात नुसतं हँडल उरतं. त्यामुळे घाट उतरताना इंजिनाच्या मोटरनेच गाडी रोखून धरायची आणि हवा पुरवून वापरायची. विजेच्या नव्या इंजिनांत ही रोखलेली ताकद वीज होऊन वरच्या तारेत परत जाते. मला ते फार आवडतं.

हे मी शिकलो भोर घाटात, असिस्टंट असताना. १८६३ साली सुरू झालेला हा घाट ३७ मीटरला १ मीटर चढतो. पुण्याकडे येणाऱ्या जड गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग आहेत, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवायला बाजूला काढलेले रूळ. काटा आधी सायडिंगकडेच लावलेला असतो, गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच मुख्य लाइनचा रस्ता मिळतो.

माझी चूकही सांगतो. स्वतंत्र झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आदर्कीच्या चढावर लाल सिग्नलला थांबलो होतो. हिरवा झाल्यावर घाई केली, भराभर नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या पायऱ्या, वाढवले. दोन डब्यांमधल्या कपलिंगला थोडी ढिलाई असते, ५८ डब्यांची मिळून ती काही मीटर भरते. पुढचे डबे ताणले गेले होते, मागचे अजून जागेवर, आणि मी ओढतोय. धाडकन आवाज झाला, दाबाचा काटा शून्यावर आला. मधल्या कपलिंगचा नकल, म्हणजे डबे एकमेकांत अडकवणारा आकडा, तुटला होता. पावसात रुळांकडेने चालत जाऊन तो पाहिला. एकेरी लाइन होती तेव्हा, मागच्या स्टेशनात एक पॅसेंजर गाडी अडकून पडली.

माझे उस्ताद जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातले. दुसऱ्या दिवशी लॉबीत, म्हणजे आम्ही ड्युटीवर हजेरी लावतो तिथे, भेटले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "काय रे, निघताना मागच्या डब्याला विचारलं होतंस का?"

तेव्हापासून मी विचारतो. पहिला नॉच द्यायचा आणि थांबायचं. एकेक डबा ओढ घेतो तसं इंजिनाला बारीकसं ओझं जाणवत जातं, ते थांबलं की दुसरा नॉच. माथ्यावर तर आणखी नाजूक: अर्धी गाडी उतारावर, अर्धी अजून चढावर, मधल्या कपलिंगवर दोन्हीकडचा ताण. तिथे ताकद एकेक नॉच कमी करत न्यावी लागते, शेवटचा डबा माथा ओलांडेपर्यंत. तो डबा मला दिसत नाही. पण सगळं जुळून आलं की साडेचार हजार टन एका दोरीसारखे अंगाला जाणवतात, कुठे हिसका नाही, कुठे धक्का नाही. या कामातलं माझं सुख म्हणजे ते.

एक्स्प्रेसचं काम कमी आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पाठीमागे हजारभर माणसं असणं ही मोठीच जबाबदारी. माझ्या गाडीत खत असतं, सिमेंट असतं, साखर असते, आणि माणूस एकच, सगळ्यात मागे, गार्ड. हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी गाडी कशी चालवली हे मागच्या डब्यातून फक्त त्यांना कळतं. मागे नीरेला लूपमध्ये उभे असताना वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "साहेब, गाडी थांबली कधी? मला कळलंच नाही."

घोरपडीच्या फाटकात अडकून तुम्ही कधी वाघिणी मोजल्या असतील. पुढच्या वेळी मालगाडी सुटत असेल तर आवाज ऐका. कपलिंगचा खट्-खट् पुढून मागे पळत जातो. तो आवाज बारीक असेल, एकसारखा असेल, तर आत बसलेल्यानं मागच्या डब्याला विचारलंय.