पहिल्या थेंबाचं काय झालं?

निमंत्रणपत्रिका हातात पडली, तिच्यावरची दगडी कमान दिसली आणि सगळ्यांत आधी सर आठवले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कॉलेजबद्दल लिहायचं असतं, पण माझ्यासाठी कॉलेज म्हणजे केमिस्ट्रीचे सर. त्यांच्याविषयीच लिहिते.

एफ.वाय.ला होते. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन, म्हणजे गरम ॲसिडमध्ये परमँगनेट थेंबाथेंबाने सोडून ते किती लागतं हे मोजायचं. पहिलं रीडिंग 9.8 आलं. पुढची दोन मी केलीच नाहीत, तीनदा 9.8 लिहून सही घ्यायला गेले. सरांनी आकडे पाहिले आणि विचारलं, "पहिला थेंब पडल्यावर काय झालं?"

"गुलाबी रंग गेला, सर."

"लगेच?"

मला सांगता येईना. सर रागावले नाहीत. "मामा, लॅब अर्धा तास उघडी ठेवा," म्हणाले आणि स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसले.

फ्लास्क पुन्हा तापवला. थेंब पडला. रंग जाईना! मी फ्लास्क फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने गुलाबी छटा विरली. दुसऱ्या थेंबाची त्याहून लवकर, आणि पाचव्या-सहाव्यापासून थेंब पडताक्षणी नाहीसा होऊ लागला. रीडिंग आलं 9.6. "असं का होतं ते शोधून ये, मग सही," एवढंच बोलून सर उठले.

चार दिवस लायब्ररीत बसले. या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात, हे सापडलं तेव्हा धावतच स्टाफरूम गाठली. सरांनी सही केली. "शनिवारी ये."

शनिवार म्हणजे सरांचा ऑनर्सचा वर्ग. निवड मार्कांवर नसायची, हे त्या दिवशी कळलं. आम्ही बारा जण होतो. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा. मी हॉस्टेलच्या विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा घेतला होता. पाण्यात रंगसूचक टाकून कठीणपणा मोजणारं ईडीटीएचं द्रावण घालता घालता तो वाइनसारखा लाल रंग निळा होताना कितीदा पाहिला, तरी मन भरायचं नाही. विज्ञानदिनाला पहाटेच्या एस.टी.ने सर आम्हाला पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल, दाखवायला न्यायचे. या सगळ्याचं त्यांना ना मानधन होतं, ना वेळापत्रकात तासिका. निवृत्त होईपर्यंत त्यांचा शनिवार चुकला नाही.

आज मी रसायनशास्त्र शिकवते. 2020 च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची आमच्याकडची समन्वयकही आहे. क्रेडिटचे तक्ते आणि बैठका यांत आठवडा संपतो. मुलं रीडिंग मोबाइलवरच्या ग्रुपमधून उतरवून आणतात. वाईट वाटतं, पण त्यांना एकेकटं घेऊन टेबलाशी बसायला मला अर्धा तास कुठे मिळतो? सर तो कुठून काढत असत, हे त्यांना विचारायला हवं होतं. समन्वयक झाल्याचं कळवायला फोन करणारच होते. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिलं, आणि सर गेल्याची बातमी आली.

समारंभाला मी नक्की येतेय. एफ.वाय.ची जर्नल सोबत आणणार आहे. तीनदा लिहून खोडलेलं 9.8, त्याखाली 9.6 आणि त्याच्याखाली सरांची लाल शाईतली सही. काकूंना ते पान दाखवायचं आहे.