झाकून ठेवलेलं ताट

कागदी नॅपकिन कोण आणणार यावरून आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात चुरस लागते. शाळेच्या पी.टी.ए.कडून, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेकडून, रविवारी रात्री शिक्षकांच्या जेवणाच्या साइन-अप शीटची लिंक येते आणि दहा मिनिटांत नॅपकिन, प्लास्टिकचे चमचे, बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या या चार ओळींसमोर नावं पडलेली असतात. ‘मुख्य पदार्थ, वीस जणांना पुरेल इतका’ ही ओळ बुधवार उजाडला तरी कोरीच. लग्नघरात अक्षता वाटायला सगळे पुढे आणि पंगतीत वाढायची वेळ आली की एकेकाची कंबर धरते, त्यातलाच प्रकार.

न्यू जर्सीत मे महिन्याचा पहिला पूर्ण आठवडा शिक्षकांच्या कौतुकाचा. म्हणजे तसा तो सगळ्या अमेरिकेतच असतो, राष्ट्रीय पी.टी.ए. १९८४ पासून तो पाळत आली आहे. ही संघटना १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’ या नावानं सुरू झाली. पुढे नावातून आया गेल्या. साइन-अप शीटमध्ये मात्र अजून त्याच आहेत. एखादा बाबा सापडतोच, नॅपकिनच्या ओळीत.

आठवडाभर काहीबाही चालू असतं. कधी मुलं एकेक फूल घेऊन जातात, कधी चिठ्ठ्या लिहितात. पण खरी गडबड गुरुवारी, कारण त्या दिवशी पालकांकडून शाळेतल्या सगळ्या स्टाफला जेवण. पहिल्या वर्षी मी उत्साहानं कोथिंबीर वडीसमोर नाव टाकलं. माहेरी कोणाचं कौतुक करायचं तर त्याला जेवायला बोलवायचं, पानात वाढायचं आणि ‘अहो, एक तरी घ्या’ म्हणत आणखी दोन टाकायच्या, एवढंच मला ठाऊक. इथे बोलावणं ऑनलाइन, आणि आग्रहाच्या जागी एक कार्ड. पदार्थात काय काय आहे ते त्यावर लिहून ट्रेपुढे उभं करायचं.

त्या कार्डानं मला रात्री अकरा वाजता घाम फोडला. इथे पाकिटावर स्पष्ट छापावे लागणारे नऊ ॲलर्जीचे पदार्थ आहेत: दूध, अंडी, मासे, कवचाचे मासे, काजू-बदामाची जात, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ च्या जानेवारीपासून तीळ. घरच्या जेवणाला कायदा लागू नाही, पण शीटखाली टीप होती की एका शिक्षिकेला तीळ चालत नाहीत, दोघांना गहू चालत नाही आणि शेंगदाण्याला शाळेतच बंदी. म्हणजे आमचं निम्मं स्वयंपाकघर गारद. दाण्याचा कूट काढला. तीळ काढले, जड मनानं. बेसन असल्यामुळे गव्हाचा प्रश्नच नाही, अशा खुशीत मी उंडे वाफवायला ठेवणार, तेवढ्यात हिंगाची डबी हातात आली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. इतकी वर्षं फोडणीत हिंग म्हणून मी चिमूट चिमूट कणीकच टाकत होते की काय! हिंगही गेला. उरली कोथिंबीर, बेसन, आलं-लसूण-मिरची. तेवढ्यावर वडी चांगली झाली, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

टीचर्स लाउंज ही खोली मी तोवर पाहिली नव्हती. नावावरून सोफे वगैरे असतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन लांब टेबलं, एक मायक्रोवेव्ह, एक जुना फ्रीज आणि कोपऱ्यात कायम कागद अडकणारं झेरॉक्स मशीन. शिक्षकांची जेवणाची सुट्टी पंचवीस मिनिटं. त्यात मुलांना कॅफेटेरियात पोचवायचं, बाथरूमला जायचं, मायक्रोवेव्हच्या रांगेत उभं राहायचं. उरलेल्या बारा-तेरा मिनिटांत एक हात डब्यात आणि दुसरा स्पेलिंगच्या वह्यांवर. जेवायला आलेल्या पहिल्या तुकडीतल्या एक बाई ताट भरून घेऊन सवयीनं उभ्याच खायला लागल्या. ‘अहो, बसा ना,’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला सुचेना. मी नुसती खुर्ची ओढून दिली.

सव्वाअकराला अंधार झाला. टेबलावर सहा स्लो-कुकर होते: चिली, मॅक अँड चीज, कोणाचे तरी मीटबॉल्स, दोन प्रकारची सुपं आणि एक नुसता भात. शेजारी कॉफीचा मोठा बंब. कुकर प्रत्येकी अडीचशे वॅट धरा, बंब दीड हजारांचा, झाले तीन हजार. एकशेवीस व्होल्टच्या, वीस अँपिअरच्या सर्किटला चोवीसशेच्या वर झेपत नाही. हा हिशेब मी अंधारात उभी राहून केला. मी पुण्यातून इलेक्ट्रिकलची डिग्री घेतलेली बाई, आणि सकाळी आठला त्या सगळ्या पिना एकाच भिंतीत खोचणारीही मीच. दिवसपाळीचे कस्टोडियन, म्हणजे शाळेची साफसफाई-देखभाल बघणारे, आले, हसले, बंब उचलून समोरच्या खोलीत नेला आणि ब्रेकर वर केला. त्यांच्या ताटात मी सहा वड्या घातल्या. त्यांनी चार म्हटल्या होत्या.

दीड वाजता सगळं आवरलं. ट्रे रिकामे, सगळ्यांचे आभार मानून झाले, ग्रुपवर फोटो पडले. साडेतीनला लेकीला जॅकेट विसरल्याचं आठवलं म्हणून आम्ही परत गेलो. लाउंजचं दार उघडं होतं. संध्याकाळच्या पाळीचा कस्टोडियन आमच्या जेवणाच्या कचऱ्याच्या पिशव्या बांधत होता. काळ्या मोठ्या चार पिशव्या, एकीतून कागदी ताटाची कड बाहेर आलेली. त्याची पाळी तीन ते अकरा. ‘आज इथे वास फार छान येतोय,’ तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी जॅकेट घेतलं आणि निघाले. गाडीत लेक म्हणाली, ‘आई, त्याला वडी मिळाली का गं?’

त्या रविवारी आईला फोनवर हे सांगितलं. आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. १९९५ ला केंद्राची पोषण आहाराची योजना आली तेव्हा शाळेत शिजत नव्हतं, हजेरी भरली की मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे आणि ते मापून द्यायचं काम शिक्षकांचं. नंतर खिचडी शिजायला लागली, तशी मुलांना वाढण्याआधी चाखून वहीत नोंद करायचं कामही त्यांच्याकडे आलं. ‘मला शाळेत कोणी जेवायला वाढलं नाही,’ आई म्हणाली, ‘पण चाखायला रोज मिळायचं.’ मग थोडं थांबून, ‘आणि खिचडी करणाऱ्या बाई मात्र आमचं सगळं आटपल्यावर, भांडी घासून झाल्यावर जेवायच्या. त्यांच्यासाठी मी डबाभर आधीच काढून ठेवायला लावायची. नाहीतर तळाशी खरपुडीच राहते.’

आमच्या घरीही उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायची पद्धत होती. बाबांची एस.टी. चुकली की ओट्यावर एका ताटावर दुसरं पालथं ताट आणि वर पाण्याचा तांब्या, मांजरासाठी. कोणी त्याला कौतुक वगैरे म्हणत नसे.

पुढच्या वर्षी शीट यायच्या आधीच मी कमिटीच्या बाईंना यादी पाठवली. संध्याकाळच्या पाळीचे दोघे कस्टोडियन, मुलांना रस्ता ओलांडून द्यायला दोन वेळा येणाऱ्या आणि मधे घरी जाणाऱ्या क्रॉसिंग गार्ड आजी, बसचे चार ड्रायव्हर, जे शाळेच्या दारापर्यंत येतात आणि आत कधीच येत नाहीत, आणि कॅफेटेरियातल्या दोघी, ज्या आपण जेवण मांडतो त्याच वेळी तीनशे मुलांना वाढत असतात. नऊ जण. बाईंनी लगेच ‘हो’ कळवलं, वर विचारलं, ‘या कामाला शीटमध्ये काय नाव द्यायचं?’ झाकून ठेवणे याला मला इंग्रजी शब्द मिळेना. शेवटी ‘नऊ ताटं बाजूला’ अशी ओळ पडली. ती कोणी घेईना, म्हणून मीच घेतली.

सकाळी अकराच्या आत, कोणी यायच्या आधी, नऊ ताटं भरली. हे महत्त्वाचं, नाहीतर आई म्हणते तसं खरपुडीच. वर फॉइल, फॉइलवर मार्करनं नाव, मग फ्रीज. बसवाल्यांची ताटं आम्ही दोघींनी बसच्या खिडकीतून आत दिली. एका ड्रायव्हरनं आधी विचारलं, ‘कोणाला पोचवायचं आहे?’

संध्याकाळच्या त्या कस्टोडियनसाठी मी कागदी ताट नाही, घरचा स्टीलचा डबा दिला होता. वडी मऊ पडू नये म्हणून वेगळ्या कप्प्यात, चांगल्या आठ. दुसऱ्या दिवशी लेक डबा घेऊन आली. झाकण उघडलं. लझान्या फस्त, मॅक अँड चीजचा कप्पा चाटूनपुसून साफ. आठच्या आठ वड्या जशाच्या तशा, आणि त्यांवर छोटी चिठ्ठी: मनापासून आभार, सगळं उत्तम होतं, फक्त मला कोथिंबिरीला लहानपणापासून साबणाची चव लागते, माफ करा.

लेकीनं त्यातल्या तीन उभ्या उभ्या खाल्ल्या. मी यादी उघडली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं: बटाटेवडा. मग खोडलं आणि लिहिलं: आधी विचारणे.